उभ्या मागाचा रंग

सोळा नोव्हेंबर, रविवार. आज नकाशावरचे हिरवे ठिपके करडे करायचे होते. हे काम निपाणीत घरी बसून फोनवरसुद्धा झालं असतं. पण एकदा चूक झाली होती, म्हणून प्रत्येक दारात जाऊन पुन्हा विचारायचं ठरवलं आणि सकाळीच वडगावला भावाकडे यायला निघाले. निपाणीच्या स्टँडवर कर्नाटकाची बस बघून चढायचं, आधार कार्ड दाखवलं की बायकांना पैसे पडत नाहीत. महाराष्ट्राची आधी आली तर सोडून द्यायची. आज दोन सोडाव्या लागल्या.

नकाशाचं खूळ माझ्याच दुकानातलं. निपाणीत मी साड्यांना फॉल-पिको करून देते. बायका साडी टेबलावर टाकतात आणि विचारतात, "ही वडगावची हाय न्हवं?" बहुतेक वेळा नसते. मी वडगावच्या विणकराच्या घरातली, हात लावला की कळतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "खरी कुठं मिळंल?" विणकराच्या घरी, असं मी सांगते, आणि तिथंच गाडी अडते. वडगावच्या गल्ल्या एकसारख्या, घरं एकाला एक लागून, दारावर पाटी नाही. देवळापासून आत जा आणि कुणालाही विचारा, हा पत्ता आमच्या पिढीला पुरायचा. आताच्या बायका गाडीतून उतरायच्या आधी मोबाईल बघतात. सापडलं नाही की मोठ्या दुकानात जातात आणि दुसरीच साडी घेऊन माझ्याकडे पिकोला येतात.

माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, आपण आपलाच नकाशा करू." नेटवर नकाशा असतोच, त्यावर आपल्याला हवे ते ठिपके द्यायचे. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या घराचा फोटो उघडतो, कोणत्या साड्या मिळतात ते दिसतं, फोन लावता येतो, दारापर्यंत रस्ताही दिसतो. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की काम झालं. मला पटलं. गणपती झाल्यावरचे दोन-तीन रविवार मी वडगावच्या गल्ल्या फिरले. प्रत्येक दारात उभं राहून लोकेशन पाठवायचं, फोटो काढायचा आणि घराची माहिती बोलून पाठवायची. ती पुण्यात बसून ठिपका द्यायची.

आमच्या ओळखीच्या एका म्हातारीनं मला फोटो काढताना बघून हाक मारली. "आक्का, दाराचं फोटू काढतीस, स्थळ बघाय आलीस काय गं?"

"स्थळच बघते. तुझ्या मागाला गिऱ्हाईक."

"मग मला पदर तरी नीट करू दे की."

दुसऱ्या रविवारी, मुलीनं तपासायला पाठवलेलं कच्चं चित्र बघून म्हातारीचा नातू तक्रार घेऊन आला. त्यांचा ठिपका न्हाणीघरात पडला होता. गल्ली अरुंद, फोन बिचारा कुठं कुठं बघणार. मुलीनं तो बोटानं ओढून दारात आणला. म्हातारी म्हणाली, "बरं झालं. गिऱ्हाईक यायचं आणि मी आंघोळीला बसलेली असायची."

अशी हसत-खेळत माहिती गोळा झाली. मी फोनमध्ये जे बोलत होते ते साधारण असं: "दोन माग, उभे." "चार माग, उभे." "तीन माग, एक चालू, दोन उभे."

इथं थोडं सांगायला पाहिजे. दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. आमच्या घरी मागाचंही तसंच होतं. माग बंद आहे असं कुणी म्हणायचं नाही. सूत संपलं, वीज गेली, व्यापाऱ्यानं माल थांबवला, विणणारा आजारी पडला, काहीही झालं तरी माग उभा आहे. आज नाही, उद्या चालेल. 'बंद' हा शब्द माग खोलून भंगारात घातल्यावरच. लहानपणापासून कानांवर पडलेला शब्द, तो कुणाला समजावून सांगावा लागेल असं कधी वाटलं नाही.

माझी मुलगी निपाणीत वाढली. सुट्टीत मामाकडे यायची, तेव्हा मामाचे माग दिवसभर चालू असायचे. उभा माग तिनं बघितलाच नव्हता.

एका रविवारी तिनं मधेच फोन केला. मी नेमकी चालू मागांच्या घरासमोर होते, खडखडाटात तिचं धड ऐकू येत नव्हतं. ती विचारत होती, "आई, उभे म्हणजे अप ना?"

मी ओरडले, "व्हय गं. उभे म्हणजे उभे! लिही."

तिच्या ऑफिसात एखादं यंत्र नीट चालू असलं की ते 'अप' आहे म्हणतात, बिघडलं की 'डाऊन'. हे मला कुठं ठाऊक. तिनं चालू मागाला हिरवा ठिपका आणि बंद मागाला करडा असं ठरवून टाकलं होतं. मी 'बंद' एकदाही म्हटलं नव्हतं. तेव्हा सगळा नकाशा हिरवा झाला.

दिवाळीच्या आधी लिंक आली. मी दुकानात, हातात कुणाची तरी साडी, तेवढ्यात उघडून बघितली. आमची गल्ली, मागची गल्ली, शेजारच्या शहापूरच्या बाजूची दोन-चार घरं, सगळीकडे हिरवे ठिपके. रंगाचा अर्थ मी विचारला नाही. बघून छान वाटलं, का वाटलं हेही स्वतःला विचारलं नाही. लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिली आणि पिकोला बसले. त्या दिवशी एक मिनिट थांबून एका ठिपक्यावर बोट ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं. बोट ठेवलं की 'माग चालू' असं लिहिलेलं उघडत होतं.

कळलं ते माझ्या दोन गिऱ्हाइकांकडून. दोघी जावा, बोरगावच्या. लग्नाच्या साड्या घ्यायच्या म्हणून गाडी करून वडगावला गेल्या. परत येताना माझ्या दुकानात शिरल्या, तेव्हा थोरलीचं तोंड वाकडं होतं.

"काय हो वैनी, कसला नकाशा तुमचा! हिरवं बघून जावं तर दाराला कुलूप. दुसऱ्या हिरव्यावर जावं तर मागावर कपडे वाळत घातलेले. एका घरात तर मागाला शेळी बांधली हुती."

धाकटी म्हणाली, "असं काय बोलतीस? त्यांच्या भावाकडं किती आदर केला. चहा झाला, पोहे झाले. मागसुद्धा चालवून दाखवला."

मला समजेना. माझ्या भावाचे दोन्ही माग सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं हात आखडल्यापासून उभे होते. त्याला वर्ष होऊन गेलं. भाऊ, ज्याला घरात आणि गल्लीत सगळे अण्णा म्हणतात, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे साफ करायला जात होता.

"चालवून दाखवला?" मी विचारलं.

"व्हय तर. वीतभर विणून दाखवलं. म्हणाले, आता काम सुरूच करतोय, तुमच्या साड्यांचं बघू."

त्या गेल्यावर मुलीला फोन केला. तीन-चार वाक्यांत उलगडा झाला. ती आधी हसली, मग म्हणाली, "आई, म्हणजे चालू किती आहेत?" तेव्हा मी मनातल्या मनात गल्ली फिरले. मीच प्रत्येक दारात उभं राहून 'उभे, उभे' असं बोलले होते. एकेका दारात ते इतकं साधं वाटलं होतं. एकत्र करून कधी बघितलंच नव्हतं.

मग वहिनीला फोन केला. वहिनी जास्त बोलणारी बाई नाही. त्या दिवशी बोलली.

"ते नकाशा आल्यापासनं ह्यांचं काय तरी निराळंच चाललंय बघ. रोज सांजचं फोन उघडून गल्लीतल्यांना दाखवत्यात, आमच्या घरावर हिरवं हाय म्हणून. मागाला तेल घातलं, पट्टे बदलले. आणि फौंड्रीतला ठेकेदार म्हणत हुता की ह्या महिन्यापासनं कायम करतो. त्याला न्हाय म्हणून आलेत, जायचंबी सोडलंय."

"काय म्हणून?"

"माग सुरू हुणार हाय म्हणून."

म्हणून आज वडगाव. आधी भावाशी बोलायचं आणि मग ठिपक्यांना हात घालायचा, असं ठरवून आले होते. पण तो घरात नव्हता, दूध आणायला गेला होता. मग मी गल्लीला लागले. दाराशी जायचं, विचारायचं, फोनवर ठिपका उघडायचा, पोरीनं शिकवलं तसा रंग बदलायचा. माणसं तीच, उत्तरं तीच. या वेळी मी उलटा प्रश्न घातला. "उभा म्हणजे सध्या साडी मिळणार नाही ना?" त्यावर लोक जरा बिचकायचे. एक जण म्हणाला, "अगदी न्हाय असं न्हाय आक्का. सूत आलं तर मिळंल." सूत कधी येणार विचारलं तर त्यानं आत बघितलं, जसं काही ते माजघरात ठेवलंय. मी रंग बदलला आणि पुढच्या दाराशी गेले. जिचा ठिपका न्हाणीघरात पडला होता ती म्हातारी म्हणाली, "करडा? तो काय रंग हाय व्हय? निदान गुलबक्षी तरी दे." तिच्या ठिपक्याला रंग देताना मात्र माझं बोट जरा अडखळलं.

दुपारपर्यंत गल्ली करडी झाली. चालू मागांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, त्यातलं एक भावाच्या घरापासून जवळच. भावाचा ठिपका तेवढा अजून हिरवा होता.

जेवण झाल्यावर तो मागाच्या खोलीत जाऊन बसला. मी मागून गेले. खोली लोटलेली, पुसलेली, तेलाचा वास. एका मागावर जुन्या ताण्याचा तुकडा, त्यावर वीतभर नवं कापड, बोरगावच्या जावांना दाखवायला विणलेलं. मोरपंखी काठ. चांगलं विणलं होतं, ते तर त्याला येणारच.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. उभे म्हणजे पोरीला चालू वाटलं. हिरवा म्हणजे काही मंजूर झालेलं नाही. कुणी ऑर्डर दिलेली नाही, सूत कुठूनही येणार नाही. चूक झाली, आता सुधारते आहे.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मला काय येडा समजतीस व्हय गं? उभा कुठला आणि चालू कुठला, मला कळत न्हाय?"

"मग ठेकेदाराला नाही का म्हणालास?"

"न्हाय म्हणाय कायतरी कारण पायजे हुतं. ते गावलं."

तो मागाच्या लाकडावरून हात फिरवत राहिला.

"तिथं सकाळी आत शिरलं की सांजपर्यंत वरती बघायचं न्हाय. काळी माती नाकात, तोंडात. मी म्हणायचो, माग उभा हाय म्हणून आलोय, चार महिन्यांसाठी. कायम झालो की असं म्हणता येत न्हाय. हिरवा ठिपका दिसला, म्हटलं बरं झालं."

"अण्णा, घर चालवायचं ते कशावर?"

"ते तुझी वैनी रोज इचारती. तू नवीन काय तरी इचार."

वहिनी दारातून म्हणाली, "त्यांच्याकडं उत्तर असतं तर मी तरी कशाला रोज इचारलं असतं?"

तो हसला. मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, "किती रंग हायत त्यात?"

"दोन. चालू आणि बंद."

"उभ्याला न्हाय?"

मी मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "मामा, देऊ की! पिवळा देते. पिवळा म्हणजे उभा. खाली तसं लिहिते पण. दोन मिनिटांचं काम आहे."

भावानं मान वर केली. मी म्हटलं, "नको." बोरगावहून गाडी करून येणाऱ्या बाईला पिवळ्याचं काय करायचं? साडी मिळणार की नाही एवढंच तिला हवं असतं. पिवळं बघून ती येणार, चहा पिऊन परत जाणार आणि नकाशावरचा विश्वास उडणार, तो चालू असलेल्या घरांवरचासुद्धा. हे सगळं मी बोलून दाखवलं. यात चूक काढायला जागा नव्हती, अजूनही नाही. मुलगी म्हणाली, "ठीक आहे आई, तुझा नकाशा आहे."

मी त्याच्या समोरच बोट ठेवलं आणि ठिपका करडा केला. 'माग चालू' गेलं, 'माग बंद' आलं. त्यानं चष्मा लावून ते वाचलं. आमच्या घराला तो शब्द मी लावला.

त्यानंतर तो संध्याकाळपर्यंत बाहेर ओट्यावर बसून होता. एक जण जाता जाता म्हणाला, "काय अण्णा, आज फोन दाखवणार न्हाय?" त्यावर तो म्हणाला, "चार्जिंग न्हाय." फोन त्याच्या खिशात होता, गाणंही वाजत होतं.

पिवळा दिला असता तर काय बिघडलं असतं, हे मी भाकरी करताना वहिनीला म्हणाले. एखाद-दुसरी गाडी उगीच आली असती, एवढंच. नकाशा गिऱ्हाइकांसाठी होता हे खरं. पण ठिपके त्यांच्या घरांवर होते. वहिनी म्हणाली, "आता राहू दे. रंगानं सूत येत न्हाय." ती दोन दिवसांपूर्वी ठेकेदाराकडे जाऊन आली होती, भावाला न सांगता. कायमची जागा दुसऱ्याला दिली होती. तात्पुरतीही नाही, असं त्यानं तिला उभ्या उभ्या सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी लवकर उठले आणि चालू मागांच्या त्या जवळच्या घरी गेले. माग नुकतेच सुरू होत होते. तिथला मालक माझ्यापेक्षा लहान, मी त्याला लहानपणी शेंबडा बघितलेला. मला बघून त्यानं बटण बंद केलं.

"या आक्का. आमचा ठिपका हलला काय?"

"ठिपका जागेवर आहे. मागावर बसायला माणूस पाहिजे का तुला?"

"पायजे की. दोन मागांवर बिहारी पोरगं हुतं, दिवाळीला गावाकडं गेलं ते आलंच न्हाय. कोण हाय?"

"अण्णा."

तो गडबडला. पंचा काढून हात पुसले. "अण्णा? आमच्या मागावर? आक्का, मी त्याला काम कसं सांगणार? मला गाठ मारायला त्यानं शिकवलंय."

"काम सांगू नकोस. पगार तेवढा दे."

"तो येणार का पण?"

"ते मी बघते."

घरी आले तर भाऊ चूळ भरत होता. मी उभ्यानंच सांगितलं, आठ वाजता त्या घरी जायचं, दोन माग सांभाळायचे. ठेकेदाराचं दार बंद झालंय, हेही सांगितलं. दुसऱ्याच्या मागावर बसण्याकडे आमच्यात लोक कशा नजरेनं बघतात ते मला कुणी शिकवायला नको. त्यानं तांब्या खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मग विचारलं, "कुठलं सूत घालतोय त्यो?"

"मी नाही विचारलं."

"इचारायचं असतं," तो म्हणाला आणि चहाला बसला.

मी आत जाऊन फौंड्रीला न्यायचा तो डबा घेतला, वहिनीनं केलेली भाकरी आणि वांग्याची भाजी त्यात भरून दिली. त्यानं डब्याकडे बघितलं. "चार घरं टाकून जायला डबा कशाला? दुपारी जेवायला घरी येईन की."

बरोबर होतं. मी भाकरी परत दुरडीत ठेवली, भाजी पातेल्यात ओतली, डबा घासून पालथा घातला आणि बस गाठायला निघाले.